राष्ट्रपतिपदाचा निकाल लागल्यापासून शपथेपर्यंत: मधल्या दिवसांत राष्ट्रपती कोण असतं?

तुम्ही कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवता आणि एका विद्यार्थिनीच्या प्रश्नानं वर्ग अडून बसला, असं लिहिलंय. प्रश्न असा: 21 जुलै 2022 ला द्रौपदी मुर्मू निवडून आल्या, शपथ मात्र 25 ला झाली, मग मधले चार दिवस राष्ट्रपती कोण? सही कोणाची चालणार? जाणाऱ्यांनी जाता जाता भलतंच काही करून ठेवलं तर? त्याला जोडून तुम्ही आणखी दोन गोष्टी विचारल्यात. अमेरिकेत निकालानंतर अडीच महिने सत्तांतराची धामधूम चालते, तशी आपल्याकडे का दिसत नाही? आणि 2027 ला वर्गातर्फे अभिनंदनाचं पत्र पाठवायचं तर ते कधी आणि कोणत्या नावानं पाठवावं?

माझी नोकरी मुंबईच्या विधानभवनात, सचिवालयात गेली. राष्ट्रपतिपदाची निवडणूक आली की त्या कामाच्या टेबलावर माझी नेमणूक ठरलेली असायची. त्यामुळे मतपेटी येते कशी, जाते कशी, कोणता कागद कोणाकडे जातो, हे मी हातानं केलेलं काम आहे. दिल्लीतलं जे सांगेन ते घटना, 1952 चा निवडणूक कायदा आणि तिथल्या सहकाऱ्यांशी वर्षानुवर्षं झालेलं बोलणं यांच्या आधारावर.

थेट उत्तर आधी देतो. मधले चारही दिवस राष्ट्रपती एकच होते, रामनाथ कोविंद, आणि त्यांचे अधिकार तिळभरही कमी झालेले नव्हते. मुर्मू त्या चार दिवसांत निवडून आलेल्या उमेदवार होत्या. त्यांच्याकडे मान होता, सुरक्षा होती, अभिनंदनांचा पाऊस होता. अधिकार शून्य होता.

पण एवढं सांगून वर्गाचं समाधान होणार नाही, कारण खरी अडचण वेगळी आहे. मुलांच्या डोक्यात आमदारकीचं चित्र असतं. गुलाल उधळला की माणूस आमदार झाला. आणि आमदाराच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी बरोबरही आहे: निकाल जाहीर झाला ती तारीख कायद्यानं निवडून आल्याची तारीख. शपथ राहिली असेल तर सभागृहात बसता येत नाही आणि मत देता येत नाही. तरीही जाऊन बसलात तर अनुच्छेद 193 प्रमाणे दिवसाला 500 रुपये दंड. म्हणजे तिथे शपथ ही सभागृहाच्या दारावरची अट आहे. राष्ट्रपतीचं तसं नाही. अनुच्छेद 56 म्हणतो की राष्ट्रपती पदग्रहणाच्या तारखेपासून पाच वर्षं पदावर राहील, आणि अनुच्छेद 60 प्रमाणे पदग्रहणाआधी शपथ घ्यावीच लागते. निकालाच्या तारखेचा तिथे उल्लेखसुद्धा नाही. पाच वर्षांचं घड्याळ शपथेनं चालू होतं.

त्याच अनुच्छेद 56 मध्ये एक छोटं पोटकलम आहे, ते मुलांना फळ्यावर लिहून द्या. मुदत संपली तरी उत्तराधिकारी पदग्रहण करीपर्यंत जुने राष्ट्रपती पदावर राहतात. कोविंद यांनी 25 जुलै 2017 ला शपथ घेतली होती, म्हणजे त्यांची पाच वर्षं 24 जुलै 2022 ला पूर्ण झाली. मुर्मूंचा शपथविधी 25 ला सकाळी सव्वादहाला. मग 24 ची मध्यरात्र ते सव्वादहा या वेळात देशाला राष्ट्रपती होता की नव्हता? होता, आणि तो या पोटकलमामुळे होता. माझ्या मते त्या मुलीनं खरं तर चार दिवसांऐवजी या दहा तासांबद्दल विचारायला हवं होतं. चार दिवसांत तर मुदतच संपलेली नव्हती, तिथे शंकेला जागाच नाही.

सरकारी कचेरीत काम केलेल्याला हे चटकन समजतं. बदलीचा आदेश निघाला म्हणून कोणी खुर्ची सोडत नाही. नवा माणूस येऊन चार्ज घेतो, दोघांच्या सह्या होतात, तेव्हा जुना मोकळा. निवडणुकीचा निकाल म्हणजे तो आदेश, आणि चार्ज घेतला जातो शपथविधीच्या वेळी, संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये.

आता हे चार दिवस मुळात येतात कुठून, ते सांगतो, कारण त्याचा उगम आमच्या टेबलावर आहे. राष्ट्रपतिपदाचं मतदान एका ठिकाणी होत नाही. खासदार संसद भवनात मत देतात आणि प्रत्येक राज्यातले आमदार आपापल्या विधानभवनात. खासदारांची मतपत्रिका हिरवी, आमदारांची गुलाबी. मत द्यायला आपलं पेन चालत नाही; आयोगानं पाठवलेलं जांभळ्या शाईचं पेन मतदाराच्या हातात द्यायचं आणि बाहेर पडताना परत घ्यायचं. महाराष्ट्रात मतदार फक्त विधानसभेचे 288. विधान परिषदेच्या सदस्यांना मत नाही. दर वेळी परिषदेचे एखादे नवखे सन्माननीय सदस्य "आमचं नाव यादीत कसं नाही" असं विचारायला यायचे आणि त्यांना अनुच्छेद 54 नम्रपणे दाखवावा लागायचा. आपल्या एका आमदाराच्या मताचं मूल्य 175, म्हणजे मोजताना त्याचं एक मत 175 धरतात. ते 1971 च्या लोकसंख्येवरून काढलेलं आहे आणि आजही तेच चालू आहे.

मतदान संपलं की पेटी मोहोरबंद होते आणि दिल्लीला जाते. मोजणी राज्यात होत नाही, सगळ्या देशाची एकत्र संसद भवनात होते. पेटीबरोबर सहायक निवडणूक निर्णय अधिकारी विमानानं जातो, आणि पेटी सामानात टाकायची नाही असा दंडक आहे. तिच्यासाठी शेजारचं वेगळं आसन काढतात. 2022 मध्ये तर आयोगानं हे तिकीट 'मिस्टर बॅलट बॉक्स' या नावानं काढल्याचं जाहीरच केलं होतं आणि त्यावर सगळीकडे विनोद झाले. आम्हाला त्यात विनोद वाटला नाही. पेटी नजरेआड झाली तर सगळ्या देशाची मोजणी अडेल, ही धास्ती ज्यानं ती पेटी मांडीशी धरून नेली आहे त्यालाच ठाऊक.

म्हणून मतदान 18 जुलैला आणि मोजणी 21 ला. पेट्या पोचायला, जुळवायला, सुरक्षित ठेवायला तेवढा वेळ लागतो. मोजणीत आधी खासदारांची मतं, मग इंग्रजी वर्णानुक्रमानं राज्यांची, एका फेरीत दहा राज्यं. आपला नंबर मध्य प्रदेशच्या पाठोपाठ लागतो. 2022 मध्ये महाराष्ट्राची मतं तिसऱ्या फेरीत मोजली गेली आणि त्याच फेरीअखेर मुर्मूंनी निम्म्याचा टप्पा ओलांडला. एकूण वैध मतमूल्य 10,56,980, जिंकायला हवे होते 5,28,491. त्यांना मिळाले 6,76,803 आणि यशवंत सिन्हांना 3,80,177.

यानंतर काय होतं, ते वर्तमानपत्रात दोन ओळींत उरकतं. पण तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीनं महत्त्वाचे कागद तेच. निवडणूक निर्णय अधिकारी निकाल जाहीर करतो. हा मान आळीपाळीनं लोकसभा आणि राज्यसभेच्या महासचिवांकडे असतो आणि 2022 ला तो राज्यसभेकडे होता. तो अधिकारी केंद्र सरकारला आणि निवडणूक आयोगाला कळवतो. सरकार निवडून आलेल्या व्यक्तीचं नाव राजपत्रात प्रसिद्ध करतं. आयोग निवडीचं प्रमाणपत्र तयार करतो. 2022 ला 22 जुलैला मुख्य निवडणूक आयुक्तांनी त्यावर सही केली आणि त्याची प्रत केंद्रीय गृहसचिवांकडे गेली. शपथविधीच्या सुरुवातीला गृहसचिव उभे राहून जे वाचतात ते हेच. टीव्हीवर तो भाग कंटाळवाणा वाटतो, लोक तेवढ्यात चहा आणायला उठतात. पण सरन्यायाधीश शपथ कोणाला देताहेत आणि कशाच्या आधारावर, याचा पुरावा तोच आहे.

राजपत्रातल्या त्या प्रसिद्धीला आणखी एक अर्थ आहे. निवडणुकीला आव्हान द्यायची 30 दिवसांची मुदत तिथून मोजतात. त्याबद्दल पुढे बोलतो.

निवडून आलेली व्यक्ती या दिवसांत काय करते? कायद्यानं तिला करण्यासारखं काहीच दिलेलं नाही. निरोप घेते, भेटी घेते, भाषण तयार करते, कपड्यांची बांधाबांध करते. एक व्यावहारिक गोष्ट मात्र घडते: सोबतचे अधिकारी ठरतात. 2017 मध्ये कोविंद यांचे सचिव म्हणून संजय कोठारी यांची नेमणूक शपथविधीच्या आधीच जाहीर झाली होती, म्हणजे पहिल्या दिवशी नस्ती (फाईल) घेऊन समोर उभं राहणारं माणूस तयार. ही नेमणूकसुद्धा सरकार करतं, निवडून आलेली व्यक्ती स्वतःच्या सहीनं करत नाही. तिची सही अजून राष्ट्रपतींची सही नाही.

एक बारकावा इथे सांगायला हवा, परीक्षेत विचारतात. निवडून आलेली व्यक्ती खासदार किंवा आमदार असेल तर तिची जागा रिकामी कधी होते? निकालाच्या दिवशी नाही. अनुच्छेद 59 प्रमाणे राष्ट्रपतिपद ग्रहण केल्याच्या तारखेला ती रिकामी झाली असं मानतात. म्हणजे आधीच राजीनामा दिला नसेल तर मधल्या दिवसांत तो माणूस कागदोपत्री खासदारच असतो. सरकारी लाभाचं पद असलेल्याला राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवता येत नाही, पण मंत्र्याला आणि राज्यपालालाही घटनेनं या आडकाठीतून मोकळं ठेवलेलं आहे. तरीही प्रणव मुखर्जींनी 2012 ला अर्ज भरण्याआधी अर्थमंत्रिपद सोडलं, आणि आपल्या प्रतिभाताई पाटील यांनी 2007 ला राजस्थानचं राज्यपालपद. याला कायद्याची सक्ती नव्हती, तो संकेताचा भाग होता.

आता मुलीचा खरा बोचरा प्रश्न: जाणाऱ्यांनी जाता जाता काही करून ठेवलं तर?

अमेरिकेत ही भीती खरी आहे, कारण तिथला अध्यक्ष स्वतःच सरकार आहे. माफीची पत्रं, नेमणुका, आदेश, सगळं त्याच्या मनावर. आपल्याकडे राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतात, आणि राष्ट्रपती बदलले म्हणून मंत्रिमंडळ बदलत नाही. 20 जुलै 2022 ला जे पंतप्रधान होते तेच 26 जुलैला होते. जाणाऱ्या राष्ट्रपतींसमोर आलेली नस्ती ज्या मंत्रालयातून आली, येणाऱ्यांसमोरही त्याच मंत्रालयातून येणार. त्यामुळे शेवटच्या दिवसांत सही झाली काय आणि आठवड्यानं झाली काय, सल्ला त्याच सरकारचा. उदाहरण त्याच महिन्याचं आहे. कोविंद यांनी 6 जुलै 2022 ला इलैयाराजा, पी. टी. उषा, वीरेंद्र हेगडे आणि विजयेंद्र प्रसाद यांना राज्यसभेवर नामनिर्देशित केलं. तेव्हा नव्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीचे अर्ज भरून झालेले होते आणि मतदान बारा दिवसांवर होतं. कोणी हरकत घेतली नाही, घेण्यासारखं काही नव्हतंच. (त्यातली गंमत ही की नामनिर्देशित सदस्यांना राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मत नसतं.)

आपल्याकडे अमेरिकेसारखी सत्तांतराची धामधूम नसण्याचं कारणही हेच. तिथे अध्यक्षाबरोबर राजकीय नेमणुकांचे हजारो लोक बदलतात, त्यांना तयारीला वेळ लागतो. पूर्वी तर नोव्हेंबरातला निकाल लागून अध्यक्ष 4 मार्चला पदावर यायचा. 1933 च्या विसाव्या घटनादुरुस्तीनं ती तारीख 20 जानेवारी केली. आपल्याकडे राष्ट्रपती भवनात बदलतात ते राष्ट्रपती आणि भोवतालचे मोजके अधिकारी. त्याला अडीच महिने कशाला हवेत? 2012 ला निकाल 22 जुलैला लागला आणि 25 ला शपथ झाली, तीन दिवसांत. 2017 ला पाच दिवस मिळाले, 2002 ला कलाम यांना सात. कमी-जास्त दिवस मतदानाच्या तारखेवर ठरतात. शपथेची तारीख हलत नाही.

ती का हलत नाही, हे मुलांना आवडेल. 1977 पासून प्रत्येक राष्ट्रपतींनी 25 जुलैलाच शपथ घेतली आहे, आणि तरीही घटनेत ही तारीख कुठेही नाही. सुरुवातीला तारीख 13 मे होती. राजेंद्रप्रसाद, राधाकृष्णन आणि झाकिर हुसेन यांच्या 1952 ते 1967 मधल्या शपथा त्या तारखेच्या. झाकिर हुसेन 3 मे 1969 ला पदावर असताना वारले, पोटनिवडणूक झाली आणि व्ही. व्ही. गिरींची शपथ 24 ऑगस्टला आली. पोटनिवडणुकीत निवडून आलेल्या राष्ट्रपतींना उरलेली मुदत मिळत नाही, पूर्ण पाच वर्षं मिळतात. म्हणून चक्र 24 ऑगस्टवर सरकलं आणि 1974 ला फक्रुद्दीन अली अहमद यांनी त्याच तारखेला शपथ घेतली. ते 11 फेब्रुवारी 1977 ला वारले. अशा वेळी सहा महिन्यांत निवडणूक घ्यावी लागते. नीलम संजीव रेड्डी बिनविरोध निवडून आले, कारण 37 अर्जांपैकी त्यांचा सोडून बाकी सगळे छाननीत बाद झाले होते, आणि 25 जुलैला त्यांनी शपथ घेतली. तेव्हापासून सगळ्यांनी पाच वर्षं पूर्ण केली, म्हणून तारीख तिथेच थांबली. अर्जांच्या त्या गर्दीला आळा घालायला नंतर नियम कडक होत गेले. आज 50 सूचक, 50 अनुमोदक आणि 15,000 रुपये अनामत लागते.

इथवर सरळ परिस्थिती सांगितली. पण तुमच्या विद्यार्थिनीला "प्रत्येक वेळी असंच होतं" असं सांगू नका. सगळं उत्तर एका गोष्टीवर अवलंबून आहे: जुने राष्ट्रपती पदावर आहेत की पद रिकामं आहे. मुदत संपून होणारी निवडणूक असेल तर वर सांगितलं ते लागू. पद मृत्यू, राजीनामा किंवा महाभियोगानं रिकामं झालं असेल तर निकालानंतरच्या दिवसांत 'जाणारे राष्ट्रपती' नावाचं कोणी नसतंच. मग उपराष्ट्रपती काम पाहतात, जसं 1977 ला बा. दा. जत्ती यांनी पाहिलं.

1969 तर त्याहून विलक्षण. उपराष्ट्रपती गिरी कार्यवाहक राष्ट्रपती होते आणि त्यांनाच उमेदवार व्हायचं होतं. बँक राष्ट्रीयीकरणाच्या अध्यादेशावर 19 जुलैला सही करून दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. आता राष्ट्रपती नाहीत, उपराष्ट्रपतीही नाहीत. सुदैवानं संसदेनं त्याच वर्षी, झाकिर हुसेन गेल्यानंतर, अशा वेळेसाठी कायदा करून ठेवला होता. त्याप्रमाणे सरन्यायाधीश हिदायतुल्ला राष्ट्रपतींचं काम पाहू लागले. त्या काळात अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन दिल्लीत आले तेव्हा यजमान राष्ट्रप्रमुख म्हणून हिदायतुल्लाच होते. कार्यवाहक म्हणजे अर्धामुर्धा नव्हे, हे दाखवायला मी नेहमी हेच उदाहरण देतो. 16 ऑगस्टला मतदान झालं, 20 ला निकाल लागला, आणि गिरी 24 ला शपथ घेईपर्यंत अधिकार हिदायतुल्लांकडेच होते.

त्या निकालात आपलं एक माणूस होतं आणि आज कोणाला ते आठवत नाही. तिसरे प्रमुख उमेदवार होते माजी केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख. या निवडणुकीत मतदार उमेदवारांना पहिली, दुसरी अशी पसंती देतो. पहिल्या पसंतीत गिरींना 4,01,515, नीलम संजीव रेड्डींना 3,13,548 आणि देशमुखांना 1,12,769 मतमूल्य मिळालं. निम्म्याच्या वर कोणीच नव्हतं. मग तळातून एकेक उमेदवार बाद करत, देशमुखांसकट, त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली गेली. बरीचशी रेड्डींकडे गेली, पण थोडी कमीच पडली. शेवटी गिरी 4,20,077 आणि रेड्डी 4,05,427. राष्ट्रपतिपदाचा निकाल पुढच्या पसंतीवर ठरला तो आजवर एकदाच. हे आकडे फळ्यावर मांडून मुलांकडून सोडवून घ्या; पसंतीक्रमाची पद्धत व्याख्यानानं समजत नाही.

आता कोर्टाचा भाग. शपथ होण्याआधी कोणी निवडणुकीला आव्हान देऊन शपथविधी अडवू शकतं का? व्यवहारात, नाही. अनुच्छेद 71 प्रमाणे हे वाद फक्त सर्वोच्च न्यायालयात जातात, आणि याचिका करू शकतो तो उमेदवार किंवा किमान 20 मतदार एकत्र येऊन. रस्त्यावरचा तुम्ही-आम्ही नाही. 1957 ला नागपूरचे डॉ. ना. भा. खरे, जुन्या मध्य प्रांताचे माजी पंतप्रधान (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला असं म्हणत), मतदानाआधीच न्यायालयात गेले होते. काही भागांतल्या निवडणुका व्हायच्या आहेत, निर्वाचकगण, म्हणजे मत देणाऱ्या खासदार-आमदारांचा गट, अपुरा आहे, तेव्हा राष्ट्रपतींची निवडणूक थांबवा, असं त्यांचं म्हणणं. न्यायालयानं सांगितलं की निवडणूक पूर्ण होऊ द्या, वाद त्यानंतर. पुढे 1961 च्या अकराव्या घटनादुरुस्तीनं तर निर्वाचकगणात जागा रिकामी आहे या कारणावरून आव्हान देण्याचा रस्ताच बंद केला.

शपथेनंतर याचिका चालतात, अगदी गंभीरपणे चालतात. गिरींच्या निवडणुकीवरच्या खटल्यात राष्ट्रपती असताना ते स्वतः साक्ष द्यायला गेले. याचिका 1970 मध्ये फेटाळल्या गेल्या. 2012 ला हरलेले उमेदवार पी. ए. संगमा यांनी मुखर्जींविरुद्ध लाभाच्या पदाचा मुद्दा काढला. पाच न्यायाधीशांनी 5 डिसेंबरला तो तीन विरुद्ध दोन अशा मतांनी फेटाळला. म्हणजे दोघांना तो ऐकून घेण्यासारखा वाटला होता, हे विसरू नये. आणि समजा निवडणूक रद्द झाली असती, तर तोवर राष्ट्रपती म्हणून केलेल्या सह्यांचं काय? अनुच्छेद 71 नंच उत्तर देऊन ठेवलंय: निर्णयाच्या तारखेपर्यंत केलेलं काम अवैध ठरत नाही. घटनाकारांना खुर्ची रिकामी राहण्याची आणि सह्या लटकण्याची किती काळजी होती, हे या दोन-तीन कलमांवरून कळतं.

निवडून आलेली व्यक्ती शपथेआधी मरण पावली तर, असंही तुम्ही कंसात विचारलंय. असं आजवर घडलेलं नाही. माझं वाचन असं: जुने राष्ट्रपती पदावर असतील तर ते राहतील, कारण उत्तराधिकाऱ्यानं पदग्रहण केलेलंच नाही, आणि निवडणूक नव्यानं घ्यावी लागेल. कायदा मतदानापूर्वी उमेदवाराचा मृत्यू झाला तर काय करायचं ते स्पष्ट सांगतो. निकाल आणि शपथ यांच्यामधल्या मृत्यूबद्दल तितकं स्पष्ट सांगत नाही. वर्गात हे 'मत' म्हणून सांगा, 'नियम' म्हणून नको.

शपथविधीचा क्रम मुलांना दाखवताना एक गोष्ट बघायला सांगा. जुने आणि नवे राष्ट्रपती मिरवणुकीनं एकत्र संसद भवनात येतात. सेंट्रल हॉलमध्ये गृहसचिवांचं वाचन, सरन्यायाधीशांकडून शपथ (2022 ला एन. व्ही. रमणा होते), मग दोघे खुर्च्या बदलतात, नोंदवहीत सही होते, 21 तोफांची सलामी आणि नव्या राष्ट्रपतींचं भाषण. येताना जे राष्ट्रपती होते ते जाताना माजी असतात, आणि त्याच दुपारी ते आपल्या नव्या बंगल्यात राहायला जातात. कोविंद 12, जनपथला गेले. त्याआधीचे चार दिवस बघितले तर सगळे समारंभ जाणाऱ्यांचे: पंतप्रधानांचं निरोपाचं जेवण, 23 जुलैला सेंट्रल हॉलमध्ये खासदारांचा निरोप, 24 ला संध्याकाळी राष्ट्राला उद्देशून भाषण. हे दिवस राजशिष्टाचारानंही जाणाऱ्यांनाच दिलेले आहेत. जिंकणाऱ्यांची बातमी पहिल्या पानावर असते म्हणून तसं वाटत नाही, इतकंच.

राहिलं तुमचं पत्र. निकालाच्या दुसऱ्या दिवशी राष्ट्रपती भवनाच्या पत्त्यावर "माननीय राष्ट्रपती" असं लिहून अभिनंदन पाठवलंत तर ते पत्र कायद्यानं जाणाऱ्या राष्ट्रपतींच्या नावे जातं. आमच्याकडेही त्या दिवसांत लोकांची पत्रं यायची, आमदारांमार्फत पुढे पाठवा म्हणून. मी सांगायचो, थांबा, शपथ होऊ द्या. शपथेनंतर सरळ 'माननीय राष्ट्रपती, राष्ट्रपती भवन, नवी दिल्ली 110004' या पत्त्यावर पाठवा. 'महामहिम' लिहू नका. देशांतर्गत वापरातून तो शब्द 2012 लाच मुखर्जींच्या काळात मागे पडला. आणि अभिनंदनाच्या पत्रात गावच्या रस्त्याची मागणी घालू नका, ते वेगळं निवेदन म्हणून वेगळ्या कागदावर लिहा. नाहीतर पत्र मागणीच्या शाखेत जातं आणि अभिनंदन कोणी वाचत नाही.

मुर्मूंची मुदत 24 जुलै 2027 ला संपते. सगळं नेहमीप्रमाणे झालं तर शपथ 25 ला, आणि त्या दिवशी रविवार आहे. रविवार म्हणून तारीख पुढे ढकलतील असं समजू नका. 1982 लाही 25 जुलै रविवारीच आला होता आणि झैलसिंग यांची शपथ त्याच दिवशी झाली. तुमच्या कॉलेजला सुट्टी असेल, तेव्हा मुलांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा की सकाळी दहाच्या आधी दूरदर्शन लावा आणि गृहसचिव वाचायला उभे राहिले की चहाला उठू नका. पत्र सोमवारी टाका.